लंबकाचं उत्तर

स्टाफरूममध्ये बसून मी अकरावीची फिजिक्सची जर्नल्स तपासत होतो. साध्या लंबकाचा प्रयोग. आमचं स्टॉपवॉच अडकतं, पंख्याच्या वाऱ्याने दोरा हलतो, तरी प्रत्येकाचं गुरुत्वत्वरण नऊ पॉइंट आठच. पुस्तकातलं उत्तर धरून उलटी आकडेमोड करायची, हे मीही विद्यार्थी असताना केलंय.

शेजारी समाजशास्त्राच्या मॅडम मुलांनी घेतलेल्या मुलाखतींच्या वह्या बघत होत्या. मोजता येत नाही ते कसलं विज्ञान, असं मी त्यांना कायम ऐकवत आलोय. त्यांच्यासमोरच्या वहीत एका मुलीने लिहिलं होतं, 'या प्रश्नावर काकू गप्प झाल्या. का, ते मला कळलं नाही.'

"याला मार्क देणार?" मी विचारलं.

"पूर्ण. जे झालं तेच लिहिलंय तिने."

हे माझ्या रोखाने होतं की काय, कोण जाणे. आकडे दिसले की आपण संशय घ्यायचं सोडतो, एवढं मात्र खरं.

पुढचं जर्नल उघडलं. उत्तर नऊ पॉइंट तीन. अख्ख्या गठ्ठ्यात बहुधा या एकानेच खरोखर लंबक झुलवला होता. पेन जरा थांबलं. मग सवयीने मी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'चूक. पुन्हा करा.'