पाणकावळ्यांना खोबरेल

सौदीतल्या जुबैलच्या कामगार कॅम्पात आर्सेनिओ बालिंगितला सगळे सेनिओ म्हणत. तो कवी आहे हे ज्यांना कळलं होतं, ते त्याच्यापासून दोन हात लांबच राहत, कारण तो कविता ऐकवायचा. कवितेची भाषा तागालोग, म्हणजे त्याच्या फिलिपिन्सची, आणि ऐकणारा केरळचा असो की पेशावरचा, सेनिओला त्याचं काही नव्हतं. हाशम होडेकर तर त्याच्या खोलीतच राहायला, म्हणजे आयताच तावडीत सापडलेला. हाशम रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीकाठचा. सेनिओच्याच कंपनीत स्टोअरकीपर. पलंगावर पडून तो ऐकायचा आणि सेनिओचा आवाज जरा खाली आला की 'वाह' म्हणायचा. पुष्कळदा ते 'वाह' भलत्याच जागी पडायचं. मग सेनिओ दुखावल्यासारखा बघायचा आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायचा, की आत्ता या ओळीत झाड मेलं.

झाडं, नद्या, मासे यांचं त्याला जन्माचं वेड. मूळचा तो पत्रकार. गाव नारळांच्या मुलखातलं. तिथल्या एका चिमुकल्या वर्तमानपत्रात तो लिहायचा, डोंगरावरचं जंगल कोण तोडतंय, नदीत गाळ का साचतोय. पुढे देशात मार्शल लॉ आला, वर्तमानपत्राला टाळं लागलं आणि सेनिओचं नाव छापायला कोणी धजेना. पोट काही मार्शल लॉ बघत नाही. टायपिंग येत होतं, त्या जोरावर तो सौदीला आला आणि एका मेंटेनन्स कंपनीच्या ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं टाइप करत बसला. मायदेशी राज्य पालटलं, वर्तमानपत्रं मोकळी झाली, पण तोवर त्याला सगळे विसरले होते. "माझ्या मुलीला वाटतं, बाप टायपिस्ट म्हणूनच जन्मला," असं तो एकदा हसत म्हणाला होता. हाशमला ते हसणं बिलकूल आवडलं नाही.

मग आखाती युद्ध आलं. कॅम्पात गॅस मास्क वाटले गेले. सायरन झाला की पहिले काही दिवस माणसं जेवण टाकून पळायची, मग ताट घेऊन पळायला लागली, आणि पुढे पुढे तर जेवण उरकूनच उठायला लागली. माणूस कशालाही सरावतो. पण कुवेतच्या बाजूने समुद्रात तेल सुटलंय आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकतंय, ही बातमी आली तेव्हा सेनिओ जेवायचाच विसरला. त्याच आठवड्यात मनिलाहून फोन आला. तिथल्या एका साप्ताहिकाचा संपादक त्याचा जुना सहकारी. तो म्हणाला, तू तिथेच आहेस, किनाऱ्याचं लिही, नावानिशी छापतो. त्या दिवशी सेनिओ मेसमध्ये दोनदा जेवला.

शुक्रवारी सुट्टीला दोघं कंपनीच्या पिकअपमधून किनाऱ्यावर गेले. हाशम दर्यावर वाढलेला माणूस, पण असा दर्या त्याने बघितला नव्हता. लाट येत होती आणि फुटत नव्हती. काळी, जाड, मुकी लाट वाळूवर चढायची आणि तशीच मागे सरकायची. कडेला डांबरात माखलेले पाणकावळे बसले होते. काही मेलेले, काही माना हलवणारे. पक्ष्यांसाठी कुठेसं केंद्र उघडलंय असं ऐकलं होतं, पण कुठे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. सेनिओने कोट काढला आणि एक पाणकावळा त्यात गुंडाळला. पाणकावळ्याने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तरी त्याने सोडला नाही.

हाताला लागतील तेवढे पाचसहा पक्षी खोक्यांत घालून त्यांनी कॅम्पात आणले. आता हे डांबर काढायचं कशाने?

"आमच्याकडे फणस कापला की हाताचा चीक..." हाशमने तोंड उघडलं.

"खोबरेल!" सेनिओ ओरडला. त्याच्याकडेही फणस, त्याच्याकडेही चीक आणि त्यावर आजीचा उतारा तोच. दोन नारळवाल्यांचं असं एकमत झाल्यावर तिसऱ्याला विचारतो कोण?

मेसचा आचारी इसहाक दापोलीचा. गावाहून आणलेला घाण्याच्या खोबरेलाचा डबा तो जिवापाड जपायचा. तो त्याने कुरकुरत बाहेर काढला. "घ्या बाबांनो. पण मला टक्कल पडलं तर या कावळ्यांकडून भरून घेईन."

मेसच्या मागे बसून तिघांनी पक्षी चोळले. डांबर भराभर सुटलं. आतून काळीभोर पिसं अशी चकाकत निघाली, की इसहाक म्हणाला, हे तर ईदला निघाल्यासारखे दिसतायत. संध्याकाळी दक्षिणेकडच्या एका स्वच्छ खाडीत त्यांना सोडलं. पक्षी पाण्यात शिरले, खडकांच्या आडोशाला गेले आणि दिसेनासे झाले. सेनिओच्या डोळ्यांत पाणी होतं. हाशमलाही बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेनिओने टेलिफोन केबिनमधून मनिलाला सगळा मजकूर सांगितला. श्रीमंत देशांच्या रसायनांना जे जमलं नाही ते आपल्या आज्यांच्या तेलाने केलं, असा त्याचा सूर. लेख त्याच आठवड्यात पहिल्या पानावर आला. ठळक अक्षरांत नाव, आर्सेनिओ बालिंगित. मुलीने तो कॉलेजात वाचून दाखवला आणि फोनवर बापाला सांगताना तिला हुंदका आवरेना. संपादकाने दर आठवड्याचं सदर देऊ केलं. इतकंच नव्हे, तर तिकडच्या चर्चमधून आखातातल्या पक्ष्यांसाठी खोबरेलाच्या बाटल्या गोळा व्हायला लागल्या. सेनिओ कॅम्पात ताठ मानेने चालायला लागला. कविता मात्र कमी झाल्या, आणि हाशमला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

पुढच्या शुक्रवारी दोघं हौसेने त्या खाडीवर गेले. वाळूवर पाणकावळे पडले होते. मेलेले. इथल्या पाण्यात डांबराचा थेंब नव्हता, पक्ष्यांच्या अंगावरही नव्हता. पिसं स्वच्छ होती आणि चकाकत होती. हाशमने एक उचलून नाकाशी नेला. खोबरेलाचा वास.

मेलेले पक्षी खोक्यात घालून, विचारत विचारत ते एकदाचे त्या केंद्रावर पोचले. तिथे मदतीला येणाऱ्यांत प्रमोदिनी होती. नाशिकची, एका इंजिनिअरची बायको, दम्मामच्या शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवलेली. तिने पक्षी हातात घेतला, पिसं फुंकरीने उलटीपालटी केली आणि हाशमकडे बघितलं.

"तेल लावलंत ना हाशमभाई?"

"ताई, डांबर निघत होतं हो त्याने."

"डांबर निघतं, पण तेल राहतं. पिसं एकमेकांत घट्ट अडकलेली असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. तेल लागलं की ती सुटतात. पाणी थेट कातडीला लागतं. या थंडीत पक्षी गारठतो, नाहीतर बुडतो. आम्ही भांडी घासायच्या लिक्विडने धुतो, पुन्हा पुन्हा, तेलाचा अंशही राहू देत नाही, आणि मग कितीतरी दिवस इथेच ठेवतो."

सेनिओने तिला एवढंच विचारलं, की हे तेल आणि ते तेल, दोन्ही सारखंच का?

"पिसांना सारखंच," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर हाशम गाडी चालवत होता आणि तोंडही. सेनिओच्या मनात काय शिजतंय ते त्याला समजलं होतं. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. मग ही म्हण हिंदीत, थोडी इंग्रजीत आणि शेवटी मूठ झाकून समजावण्यात त्याने मैलभर घालवला. "आपण काय मुद्दाम मारले? मनिलाहून कोण येतंय बघायला? मेलेला पाणकावळा साक्ष द्यायला जात नाही. इतक्या वर्षांनी तुझं नाव आलंय. सदर मिळालंय. मुलगी रडली ना रे आनंदाने? खलास, गप्प बस."

सेनिओ म्हणाला, "आमची सगळी बेटंच आहेत, हाशम. आज ना उद्या तिथेही तेल सांडेल. लोक माझं वाचून हेच करतील."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"नाव तर आत्ताच छापलंय," सेनिओ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो टेलिफोन केबिनकडे निघाला, तेव्हा हाशम मागोमाग गेला. वाटलं, ऐन वेळी तरी अडवता येईल. पण सेनिओने आकडे फिरवले आणि बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग सावकाश एकेक शब्द, लिहून घेणाऱ्याला सांगतात तसा. मग मध्येच थांबला. पलीकडून कोणीतरी ओरडत होतं, ते दाराबाहेर ऐकू येत होतं. सेनिओ ऐकत राहिला. त्या सगळ्या तागालोगमध्ये हाशमला एकच शब्द कळला. तो होता 'हाशम'. सेनिओने तो दोनदा उच्चारला आणि फोन ठेवला.

खुलासा आतल्या पानावर एका कोपऱ्यात आला. सदर गेलं. खुलासा छापला तर आमचं हसं होईल, तुला तो हवाच असेल तर तुझं नाव यापुढे या साप्ताहिकात दिसणार नाही, असं संपादकाने बजावलं होतं. आणि त्याने शब्द पाळला. चर्चमधल्या बाटल्या तिथेच राहिल्या. सेनिओ पुन्हा टायपिस्ट झाला. शुक्रवारी मात्र दोघं केंद्रावर जाऊन लिक्विडच्या पाण्यात पक्षी धुवायला लागले. हाशम पंख धरायचा, सेनिओ जुन्या टूथब्रशने डोक्याभोवती घासायचा. धुता धुता कविताही सुरू झाल्या होत्या.

अशाच एका शुक्रवारी, कितीतरी दिवस मनात ठेवलेलं हाशमने शेवटी विचारलं. "त्या दिवशी फोनवर माझं नाव कशाला घेतलंस?"

सेनिओने ब्रश थांबवला. "संपादक म्हणाला, पक्षी मेले हे तिकडे कोणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, हाशमला. तो म्हणाला, हा हाशम कोण, मोठा कोणी साहेब आहे? मी म्हटलं, नाही रे, स्टोअरकीपर आहे. पण रोज मला त्याच्यासमोर झोपायचं असतं."

एवढं बोलून तो पुन्हा घासायला लागला. गप्प बस, गप्प बस, म्हणून सगळा रस्ता याच माणसाच्या मागे लागलेला तो, आणि हा माणूस त्याच्याच तोंडाकडे बघून सगळं घालवून बसला होता. हाशमला लाज वाटली, आणि आजवर त्याला कोणी एवढा मान दिला नव्हता हेही कळलं. पाणकावळ्याने त्याचं बोट चोचीत धरून पिळलं. त्याने पंख सोडले नाहीत.