गाळामालकाची खंडेनवमी

तुळिंजच्या गाळ्यातले ते प्रकरण आठवले की अजूनही आधी त्या बाई डोळ्यांसमोर येतात, मग मालक.

बाई जवळच्या गास गावातल्या, शेतकरी घरातल्या. तुळिंजच्या एका गाळ्यात कपडे शिवायला जात. मालकाने चार महिन्यांचा पगार थकवला आणि कामावरून काढले. गावातल्या आणखी तिघींना बाईंनीच तिथे लावले होते, त्यांचेही पैसे अडकले. "सायेब, माज्या सबदावर आल्या त्या," बाई पोलीस ठाण्यात येऊन मला म्हणाल्या. "आता कोनत्या तोंडानं त्यांच्या दारावरून जाऊ?"

पगाराचा वाद कामगार कार्यालयाचा, पोलिसांचा नव्हे. तसे मी समजावले. पण तिथे त्या जाऊन आल्या होत्या आणि मालकाने 'या बाईला मी ओळखतच नाही' असा जबाब देऊन हात झटकले होते. पगार रोख, हजेरी तोंडी. मी तक्रार अर्ज ठेवून घेतला.

पुढे एका सकाळी नाक्यावरच्या चहावाल्याने आमच्या हवालदारबाईंच्या कानावर घातले की गाळ्यासमोर टेम्पो लागलाय. मशिनी गेल्या की मालकही गेला, हे उघड होते. आम्ही पोहोचलो. मालक साळसूद. आपल्याकडे बाया कधी कामालाच नव्हत्या, म्हणाला.

मी विचारपूस करत होतो, तेव्हा हवालदारबाई मशीनवरची वाळलेली हळदकुंकवाची बोटे बघत होत्या. सहज म्हणाल्या, शेठ, खंडेनवमी जोरात झालेली दिसते, आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा असते. मालक खुलला. देवाधर्माचा विषय निघाला की माणूस सावधपणा विसरतो, हा माझा अनुभव.

"आपल्याकडे रीतच आहे मॅडम, जो मशीन चालवतो त्यानेच पूजा करायची," म्हणत त्याने कौतुकाने मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यात त्या चौघी आपापल्या मशीनला ओवाळत होत्या आणि मागे पेढ्यांचा बॉक्स धरून शेठ उभे.

ठाण्यात मग फार बोलावे लागले नाही. खोटा जबाब आणि फसवणूक यांचे कायद्यात काय होते, तेवढे समजावले. शेठची स्मरणशक्ती लगेच ताळ्यावर आली. संध्याकाळी त्याचा मेव्हणा पैसे घेऊन आला.

बाईंनी हात पुढे केला नाही. आधी तिघींना बोलावून घेतले, प्रत्येकीच्या हातात तिचा पगार पडलेला पाहिला. मग म्हणाल्या, "आता माजे द्या."

श्रेय माझ्या नावावर लागले. खरे ते चहावाल्याचे आणि हवालदारबाईंचे, दोघांचाही मी ऋणी आहे. नोकरीत चोरीचा माल पुष्कळांना परत मिळवून दिला. गेलेला शब्द परत मिळवून देता आला तो एकीलाच. कामगार कार्यालयातून हात हलवत परतूनही त्या ठाण्याची पायरी चढल्या, यासाठी मी त्यांचे आभार मानतो.