भरिताची डोणी

बाभळीचा ओंडका सुकायला किती दिवस लागतात, हे मी पाच जणांना विचारलं आणि पाच वेगवेगळी उत्तरं मिळाली. वखारवाला म्हणाला, दोन महिने. मोबाइलवर सुतारकामाच्या हौशी लोकांचा एक गट आहे, तिथे एकाने लिहिलं की जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष धरा. माझा ओंडका नऊ इंच जाड होता आणि मी चौपन्न वर्षांचा होतो. त्या हिशेबाने कामाला सुरुवात त्रेसष्टाव्या वर्षी करायची होती.

मी जळगावला प्लास्टिक पाइपांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाइपाची जाडी मोजायची, दाब देऊन बघायचा, मापात बसत नसेल तो माल बाजूला काढायचा, हे माझं काम. दुसऱ्याने बनवलेली वस्तू मोजण्यात तीस वर्षं गेली. स्वतः काही बनवावं असं वाटलं ते एकाच वस्तूबद्दल, आणि ती म्हणजे भरीत ठेचायची डोणी.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डोणी म्हणजे लाकडाच्या अखंड ओंडक्यातून कोरलेलं होडीच्या आकाराचं भांडं. कपाशीच्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी भाजायची, सोलायची आणि डोणीत घालून लाकडी मुसळांनी ठेचायची. मिक्सरमधून काढलं की वांग्याचा लगदा होतो. डोणीतल्या भरिताला धागा राहतो. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी ती बैठकीच्या दाराआड उभी असायची. हिवाळ्यातल्या रविवारी मोठा भाऊ एका टोकाला बसायचा, मी दुसऱ्या टोकाला. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मुसळ धरायलाही त्यानेच शिकवलं आणि माझा ठोका चुकला की मुसळाच्या टोकाने माझ्या गुडघ्याला हलकेच टोचायचा.

आई गेल्यावर घरातल्या सामानाची वाटणी झाली. यादी मी केली. दोन रकाने आखले आणि वस्तू समसमान बसवल्या. भाऊ धुळ्याला नोकरीला, त्याचा संसार मोठा, घरापुढे अंगण. म्हणून डोणी त्याच्या रकान्यात लिहिली. त्याने यादी न वाचताच मान हलवली. वाद झाला नाही. फक्त त्यानंतर गावी एकत्र जाण्याचं कारण उरलं नाही. सणाला फोन व्हायचा. फोनमध्ये प्रत्येक बोलण्याचा वेळ राहतो, तो मी एकदा बघितला. दिवाळी, दोन मिनिटं दहा सेकंद. पाडवा, एक मिनिट पंचेचाळीस. आठ वर्षांत आम्ही एका ताटाजवळ बसून भरीत खाल्लं नव्हतं. मला ते हवं होतं, आणि तसं सरळ सांगता येत नव्हतं. डोणी मागावी, तर मीच लिहून दिलेली. ‘भरीत खायला येतो’ म्हणावं, तर इतक्या वर्षांनी ते कसं म्हणायचं? मग मनाने अशी वाट काढली की आपली स्वतःची डोणी करू, म्हणजे भावाला बोलवायला निमित्त होईल.

बायकोला एवढं सगळं सांगितलं नाही. ती म्हणाली, “अहो, विकत मिळते की बाजारात.” मी म्हटलं, मापात मिळत नाही.

गटात प्रश्न टाकला: वांग्याचं भरीत ठेचण्यासाठी लाकडी भांडं करायचं आहे, लांबी सव्वीस इंच, रुंदी नऊ, कोणती हत्यारं लागतील? एकाने मिक्सर सुचवला. एकाने पाच हत्यारांची नावं दिली, त्यातली तीन जळगावात कुणी ऐकलेली नव्हती. एकाने विचारलं, नेमका हेतू काय?

शेवटी पारोळ्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांच्या दुकानात बैलगाडीची चाकं अजून दुरुस्तीला येतात. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणालो. त्यांनी माझी वही बघितली, त्यातलं मिलिमीटरमधलं चित्र उलटसुलट केलं आणि वही मिटून परत दिली. ओंडका सुकवूच नका, म्हणाले. ओला असतानाच कोरायचा, भिंत दीड इंच जाड ठेवायची, मग लाकडाच्या भुशात पुरून दोन महिने सावलीत ठेवायचा. नंतर हवं तेवढं पातळ करायचं. कडुलिंब घेऊ नका, कडवटपणा उतरतो. बाभूळ ठीक. कोरायला गोल पटाशी आणि तासायला वाकस, एवढी दोनच हत्यारं पुरे.

“मी बनवून देतो ना. दोन दिवसांचं काम,” ते म्हणाले.

“मला स्वतः करायची आहे, चाचा.”

“मग चार महिने धरा. आणि बोटं आत्ताच मोजून ठेवा.”

आषाढात सुरुवात केली. गच्चीवर पत्र्याखाली जागा केली. पहिल्याच आठवड्यात कळलं की वाकस मारताना पाय कुठे ठेवायचे हे कुठल्याही वहीत लिहिता येत नाही. डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले. रोज ऑफिसातून आल्यावर पाऊण तास, रविवारी तीन तास. दर रविवारी भिंतीची जाडी आठ ठिकाणी मोजायचो. बायको वर चहा आणून द्यायची आणि कठड्याला टेकून बघत राहायची. एकदा म्हणाली, “या लाकडावरून जेवढा हात फिरवता, तेवढा लेकीच्या डोक्यावरून कधी फिरवला नाही.” लेक तेव्हा नाशिकला शिकायला होती. खरंच होतं. मी चहा संपवून कप परत दिला.

डोणी भुशात होती तेव्हा सगळं थांबलं. बाहेर काढली तर कुठेही तडा नव्हता. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे काम पूर्ण केलं. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, मग तीनशेवीस. आतून हात फिरवला तर रेशमासारखी लागायची. जवसाच्या तेलाचे चार हात दिले. गटात फोटो टाकला, त्याचं फार कौतुक झालं.

आता तपासणी करायची होती. कारखान्यात मी तपासल्याशिवाय काही पुढे जाऊ देत नाही. पण चातुर्मास चालू होता. आमच्या घरी चंपाषष्ठीपर्यंत वांगं येत नाही. बायकोला विचारून बघितलं, फक्त तपासणीसाठी, खायचं नाही. ती म्हणाली, “देवाला सांगू का, साहेबांची तपासणी आहे म्हणून?” मग मी बटाटे उकडले. दोन किलो बटाटे ठेचले, सुरेख ठेचले गेले. डोणी जरा डुलत होती, कारण बुडाला ती होडीसारखी गोल होती, जशी मला आठवत होती तशी. म्हणून खाली चार रबरी वायसर लावले. वायसर कारखान्यात बादलीभर पडलेले असतात, मी बाजारातून विकत आणले. वहीत लिहिलं: चाचणी समाधानकारक.

ठरवलं असं की चंपाषष्ठीला एकदा वांगं ठेचून बघायचं आणि मग भावाला फोन करायचा, पुढच्या रविवारी ये, डोणी केली आहे. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

चंपाषष्ठीला सकाळी गच्चीवर काड्या पेटवल्या, सात वांगी भाजली, सोलली, डोणीत घातली. पहिला घाव घातला तसं वांगं मुसळाखालून सटकलं आणि दुसऱ्या टोकाला गेलं. मी तिकडे घाव घातला, ते परत इकडे आलं. चौथ्या घावाला एक वांगं डोणीच्या काठावरून उडून बायकोच्या पदरावर पडलं. बटाटा पिठूळ, जागच्या जागी फुटतो. भाजलेलं वांगं ओलं आणि तंतूंचं, ते गुळगुळीत लाकडावर थांबतच नाही. तपासणीची माझी पद्धत बरोबर होती, नमुनाच चुकीचा होता. त्यात डोणी वायसरांवर तीनदा डगमगली आणि एक वायसर निघून घरंगळत गच्चीच्या पन्हळीपर्यंत गेला. त्या दिवशी देवाला मिक्सरचं भरीत दाखवलं.

भावाला बोलवायचं निमित्त हातातून गेलं होतं. दुपारभर मी डोणी समोर ठेवून बसलो. मग वाटलं की बोलवता येत नसेल तर विचारता तरी येईल. त्याच्याइतकं डोणीतलं दुसऱ्या कुणाला कळतं? कागदावर दोन प्रश्न लिहिले आणि फोन लावला.

सण असूनही आम्ही चंपाषष्ठीला कधी फोन करत नाही, म्हणून तो घाबरला. “कोनी आजारी शे का?” त्याने पहिलं हेच विचारलं. नोकरीत असेपर्यंत तो माझ्याशी शुद्ध बोलायचा. निवृत्त झाल्यावर गावची बोली परत आली.

म्हटलं, कुणी आजारी नाही, डोणीबद्दल विचारायचं आहे. मी एक केली आहे. मग मी पहिला प्रश्न वाचला. वांगी का सटकतात?

“आतून कशी शे?”

“गुळगुळीत. तीनशेवीस नंबरचा पेपर मारला आहे.”

“मंग तठे वांगं घसरगुंडीच खेळी ना भो,” तो म्हणाला आणि हसला. ते हसणं मी फार वर्षांनी ऐकलं. त्याने समजावलं की आत पटाशीचे टवके राहू द्यायचे असतात, आडवे, एक सूत खोल. सूत म्हणजे सुतारांचा इंचाचा आठवा भाग. टवक्यांत वांगं अडकतं, म्हणून तुटतं. आमचे वडील दर हिवाळ्याच्या तोंडाशी डोणी आतून पुन्हा खरबरीत करून घ्यायचे. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा फार लहान असणार.

दुसरा प्रश्न वाचला. बूड गोल असल्यामुळे डोणी डगमगते, वायसर लावून उपयोग झाला नाही, बूड सपाट करू का?

त्याने उलट विचारलं, “तू एकलाच ठेची राह्यना का?”

“हो. एकटाच.”

“मंग ती हालीच.”

मग त्याने सांगितलं. बूड मुद्दामच गोल असतं. एका बाजूने घाव बसला की डोणी तिकडे कलते आणि वांगं तिकडे सरकतं. समोरच्याचा घाव तिला परत आणतो. तिला आधार खालून नसतो, समोरून असतो. मी कागदावर उत्तरासाठी जागा सोडली होती, तिथे काय लिहावं कळेना. विचारलं, “तुझ्यासमोर कोण बसतं, भाऊ?”

“आमनी माळ्यावर पडेल शे.”

“कधीपासून?”

“धुळाले आनी तवपासून. समोर कोन बठी?”

त्याचे दोन्ही मुलगे पुण्याला. वहिनी मिक्सरमधून काढतात. आणि मी दर हिवाळ्यात असं चित्र मनात रंगवत होतो की धुळ्याच्या अंगणात डोणी मांडलेली आहे, सगळे ठेचतायत, आणि आपण तिथे नाही. म्हटलं, ठेचणार नव्हतास तर तेव्हाच का नाही सांगितलंस, मी माझ्याकडे ठेवली असती.

“तू यादीमा लिखं, मी लई उनू,” तो म्हणाला. तू लिहिलंस, मी घेऊन आलो. त्यात राग नव्हता.

पुढे आम्ही लाकडाबद्दलच बोललो, बराच वेळ. फोन ठेवताना तो म्हणाला, माळ्यावरची आता त्याच्याने उतरत नाही, रविवारी मी माझीच घेऊन यावी.

चार दिवस होते. तीनशेवीस नंबरने केलेलं सगळं मी पटाशीने परत उकरलं. उरलेल्या बाभळीतून दुसरं मुसळ केलं. वायसरांचा गोंद खरवडून काढला. रविवारी सकाळच्या गाडीने बायकोला घेऊन निघालो, डोणी गोणपाटात बांधून पायांशी ठेवली. कंडक्टरने गोणपाटाचं टोक उचलून बघितलं. “होडी का? धुळ्याला कुठं पोहता, काका?” बायको म्हणाली, “भरिताची आहे.” तेव्हा तो म्हणाला, मग तुमच्याच घरी उतरतो. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. चाचांना दाखवावी असं वाटलं, पण उतरलो नाही.

भाऊ अंगणात खुर्चीवर बसलेला होता. त्याला आता खाली बसता येत नाही, हे मला फोनवर कळलं नव्हतं. त्याने उठून माझा हात धरला, मग डोणीत तळवा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. सगळे टवके एक सूत खोल होते, अर्ध्या अर्ध्या इंचावर.

“फुटपट्टी लाईसन कोरं का रे?” त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. वहिनी आणि बायको दोघी हसल्या.

सिमेंटचे दोन ठोकळे मांडून त्यावर गोणपाट घातलं आणि डोणी वर ठेवली, म्हणजे खुर्चीवरून त्याचा हात पोचेल. मी समोर पालथ्या बादलीवर बसलो. वहिनींनी आधी मिरच्या-लसूण टाकले, मग वांगी. मी जुन्या सवयीच्या गतीने सुरुवात केली आणि दुसऱ्याच घावाला आमची मुसळं एकमेकांवर आपटली. त्याने मुसळ पुन्हा उचललं. त्याचा हात हळू झाला होता. मुसळ वर जाताना मध्ये थांबायचं, मग खाली यायचं. मी मनात आकडे मोजून गती बसवायला बघितली, ती बसेना. मग मोजणं सोडलं आणि नुसतं त्याच्या मनगटाकडे बघत राहिलो. माझा घाव पडला की डोणी माझ्या बाजूला कलायची, आणि तो मुसळ उचलेपर्यंत तशीच राहायची. मी माझं मुसळ वर धरून थांबायचो.

वहिनी म्हणाल्या, असं ठेचत राहिलात तर वांगी गार होतील.

“होऊ दे,” भाऊ म्हणाला, आणि त्याचं मुसळ खाली आलं.