बासाठी ठेवलेला तांदूळ

पाळकसाहेबांनी बुटाच्या टोकानं पानांचा दोना ढकलला. नवा तांदूळ वेदीपुढच्या फरशीवर सांडला. माझी माय खाली बसून दाणे वेचू लागली.

कापणीचा सण होता. मिशनच्या चर्चमध्ये त्या दिवशी सगळे पहिलं पीक आणून देवापुढं ठेवत. धान, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. नागपूरचे पाहुणे पुढं खुर्च्यांवर. आम्ही हॉस्टेलच्या पोरी मागं चटईवर. माय एटापल्लीकडच्या आमच्या गावाहून टोपलं घेऊन आली होती. पहिलं पीक आपण खायचं नसतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही माडिया. नवं धान आधी घरातल्या मेलेल्यांना, मग आपल्याला. आणि बा त्याच पावसाळ्यात हिवतापानं गेलेला. मायनं टोपलं देवासाठी ठेवलं, आणि शेजारी पळसाच्या दोन्यात मूठभर तांदूळ बासाठी.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

मायला मराठी थोडीच येते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून पुढं गेले. "बासाठी आहे, साहेब. तो वारला."

साहेब पाहुण्यांकडं पाहून हसले. मग तो बूट.

"सांग तिला. तुझा नवरा येशूला न ओळखता मेला. तो नरकाच्या आगीत आहे. तिथं तांदूळ पोचत नाही. सांग. तिच्या भाषेत सांग."

खुर्चीवर कोणीतरी हसलं.

मी मायजवळ बसले. आमच्याकडं मेलेला माणूस घर सोडून जात नाही. त्याचा जीव घरी आणून बसवतात. त्याच्या नावानं दगड उभा करतात. अन् या बाईला मी सांगायचं, की तुझा माणूस जळतो आहे, आणि जळतच राहणार आहे? मी माडियात म्हणाले, "साहेब म्हणतात, इथं जागा कमी आहे. घरी ठेव."

माय दाणे पदरात घेऊन उठली. साहेबांना हात जोडले. "चुकलं माहं."

एवढी मराठी तिला येत होती.

मी काही देवाची वैरी नव्हते. मला येशू आवडायचा. हॉस्टेलात आल्यावर पहिलं शिकवलं ते हेच, देव आपला बाप आहे. मला ते लगेच कळलं. कारण मला बाप होता. लहानपणी मी तापानं फणफणले, तेव्हा नाल्याला पूर होता. बानं मला डोक्यावर धरलं आणि छातीभर पाण्यातून मिशनच्या दवाखान्यात आणलं. प्रार्थनेत डोळे मिटले की मला देव तसाच दिसायचा. पाण्यात उभा, हात वर, आणि हातांत मी.

आता साहेब म्हणत होते, त्या देवानं माझ्या बाला आगीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात बोलावलं. "रविवारी तुझा बाप्तिस्मा. आधी मंडळीपुढं साक्ष द्यायची. म्हणायचं, माझा बाप अंधारात मेला, तो नरकात आहे, मला तिथं जायचं नाही. एवढंच."

"बाचं नाव घेतलंच पाहिजे का, साहेब?"

"देव प्रेम आहे, पण न्यायीही आहे. हे तुझ्या लोकांना कळलं पाहिजे. जमत नसेल तर पेटी उचल."

मी बारावीला होते. गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती. पेटी उचलली तर परीक्षा गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात रूथबाई भाकरी थापत होती. आम्हा पोरींना तिनंच जेवू घातलं. जन्माची ख्रिस्ती.

"म्हणून टाक ना वं," ती म्हणाली. "बोलल्यानं तो जळत नाई. सीट गेली तर कुठी जाशीन?"

"माहा बा आगीत हाये, असा तुमचा इस्वास हाये का बाई?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. करपू दिली. "माही पोरगी बाप्तिस्म्याचं पाणी घ्याच्या आधीच गेली. दूधपिती होती. या साहेबाच्या हिशेबानं ते बी आगीतच." मग हळूच, "मी ज्याले हाक मारतो, तो असा नाई. पण मी कधी बोलली नाई. तू बी नको बोलू."

रात्रभर तिचं ते "नको बोलू" कानात राहिलं. ती इतकी वर्षं भाकरी थापत गप्प होती. तिची पोरगी आगीत ठेवून साहेब तिच्याच हातचं जेवत होते.

रविवारी माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले.

मी म्हणाले, "माझा बा नरकात नाही. त्यानं मला चुकल्यावर मारलं, पण कधी चुलीत ढकललं नाही. देव माझ्या बापाहून वाईट असेल, तर मी त्याला बाप म्हणणार नाही."

"खाली बस."

"बसत नाही. माझ्या मायचा तांदूळ तुम्ही लाथाडला. तो तुम्ही वेचायला हवा होता, तिनं नाही."

साहेबांनी गाणं सुरू करायला लावलं. सगळ्यांनी तोंडं उघडली. रूथबाईचं तोंड मिटलेलं होतं.

दुपारी माझी पेटी फाटकाबाहेर होती. अहेरीला एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिले, धुणी-भांडी केली, परीक्षा दिली. पुढं बी.ए. झाले. आमच्या गावातली पहिली. हे मी मान वर करूनच सांगते.

मागच्या वर्षी साहेब अहेरीच्या बसस्टँडवर भेटले. थकले आहेत. म्हणाले, "मी तुझ्यासाठी अजून प्रार्थना करतो. अजून वेळ आहे."

मी म्हटलं, "माझ्या बाला बाहेर ठेवून स्वर्ग मिळत असेल, तर मला नको. आणि प्रार्थनेत माझं नाव घेऊ नका."

त्यांची बस आली. त्यांची पिशवी मी चढवून दिली नाही.

माय अजून विचारते, त्या दिवशी साहेब एवढं काय बोलले? मी सांगितलेलं नाही. इथं मराठीत लिहिलं, कारण ज्यांनी ते म्हटलं त्यांना मराठी वाचता येते. माडियात ते वाक्य मी आणणार नाही. ते आमच्या घरापर्यंत न्यायला त्यांना माझंच तोंड लागेल, आणि ते त्यांना मिळणार नाही.