चिंचवडातलं झावोकाचं झाड

महादू, तुझ्या बहिणीबरोबर मी शेवटचं काय केलं ते सांगतो. पावाचे दोन तुकडे केले, त्यांवर दुधाची साय फासली, वर मीठ आणि हिरवी मिरची. अर्धा तिनं खाल्ला, अर्धा मी. डोळे मिटून म्हणाली, "थोडंफार झावोकासारखं लागतं." लागत नव्हतं. मी व्हय म्हणालो.

इथं चिंचवडात तुमच्या मॉरिशसचा झावोका कुणी पाहिलेला नाही. बाहेरून हिरवा, आतून लोण्यासारखा, झाडावर पिकत नाही, तोडून तांदळात पुरून ठेवावा लागतो, असं सांगितलं की लोक हसतात. "दादा, फळ हाय का भाजी?" आता काय सांगू. तुमच्या आईनं कांदा-मिरची घालून कालवलेला पावाबरोबर खाल्ला तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

मॉरिशसला साखरेच्या कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली. लग्न तिथंच, तुझ्या बहिणीशी केलं. हाडं थकली तसं गाव दिसायला लागलं. म्हणालो, मरायला घरी जाऊ. ती म्हणाली, "तुमचं घर ना, चला." त्या 'तुमचं'वर मी थांबलो नाही.

बोटीवर चढताना तुमच्या आबांनी तिला ओल्या वाळूच्या डब्यात तीन बिया दिल्या. म्हणाले, "पोरी, याची मुळं वरच असतात. उघडी पडू देऊ नको. पाचोळा झाडू नको." माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तू होतास तिथं.

दोन बिया बोटीतच कुजल्या, एक परसात रुजली. ती पाचोळा राहू द्यायची, मी खराटा घ्यायचो. "अहो, ते त्याचं पांघरूण आहे." "घाण हाय ती." सात वर्षं हेच भांडण. झाड कौलांच्या वर गेलं, पण फळ नाही.

या माघात तिचा दमा वाढला. पुण्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवली. काय खावंसं वाटतं विचारलं, तर झावोका. घरी येऊन शेजारच्या उस्मान बागवानाला विचारलं. तो म्हणाला, "पेरूला काय करतो आमी? पानी तोडायचं, मुळ्या उघड्या टाकायच्या. ताण बसला की झक मारत फुलतं." पटलं मला. बुंध्याभोवती हातभर माती उकरली, मुळ्या उन्हाला टाकल्या. उस्मानचा दोष नाही. आबांचं बोलणं मला आठवत होतं. पण वाटलं, माती इथली, रीत इथली, माझ्या गावात मला शिकवणारे ते कोण.

ती परत आली तेव्हा पानं गळत होती. टांग्यातून उतरली ती सरळ परसात. उघड्या मुळ्यांजवळ जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, "मला कधी विचारलंत का?" झाडाचं म्हणाली की सगळ्याचं, ते मी विचारलं नाही.

मग रात्री तो सायीचा पाव. निजताना म्हणाली, "उद्या सकाळी माती ओढा. आज दमलाय तुम्ही."

तिकडं कुणी म्हातारपणी परत यायचं म्हणत असेल, तर त्याला माझं सांग. आपलं गाव आपलं असतं, बायकोचं नसतं. पिंपरीला औषधाचा कारखाना झाल्यापासून लांबलांबची माणसं खोल्या शोधत येतात. त्यांच्या बायका पाण्याला निघाल्या की मी त्यांच्या तोंडाकडं बघतो. ज्या तोंडाकडं बघायचं होतं तिथं बघितलं नाही. घर म्हणशील तर आता त्या झाडाखालची तेवढी जागा. एका फांदीला पालवी आहे. बाकीचं झाड वाळलं.

त्याच पहाटे ती गेली. उजाडलं तशा बायका जमायला लागल्या. मी खोरं घेऊन परसात गेलो. कुणीतरी म्हणालं, म्हातारा भ्रमला. उस्मान आला, त्यानं घमेलं धरलं. मुळ्यांवर माती ओढली. मीच झाडून कोपऱ्यात टाकलेला पाचोळा ओंजळीनं आणून वर पसरला. मग मातीच्या हातांनी तसाच आत जाऊन तिच्याजवळ बसलो.