प्रत्येक पानावर लावलेली पाटी

शनिवार पेठेत कुणी वारलं, की त्या घरच्या दुकानाच्या शटरवर खडूने लिहिलेली पाटी लागते: दुःखद निधनामुळे दुकान बंद. पत्नी गेली तेव्हा मलाही तेवढंच सुचलं. तिचं दुकान नव्हतं, इंटरनेटवर एक विकी होता, विकिपीडियासारखा पण छोटा.

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मंडईतल्या पालेभाज्यांविषयी ती तिथे लिहीत असे, एका भाजीला एक पान. हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो उभारून दिला होता, आणि मलाही थोडं शिकवलं होतं. सगळ्या पानांच्या माथ्यावर एकच सूचना लावायची सोय होती. तिथे मी लिहिलं, ‘ही माहिती लिहिणाऱ्या बाईंचे दुःखद निधन झाले आहे.’ ती ओळ काढावी असं पुढे कधी वाटलं नाही.

वर्ष सरल्यावर विद्यार्थिनी घरी आली. बसल्या बसल्या तिने फोनवर ‘घोळ भाजी’ शोधलं आणि फोन माझ्यापुढे धरला. शोधात येणाऱ्या पानाच्या नावाखाली दोन ओळींचं वर्णन असतं, तिथे निधनाची बातमी होती. चाकवताखाली तीच, अंबाडीखालीही तीच. सर्च इंजिन बहुधा पानाच्या सुरुवातीचाच मजकूर उचलतं, असं तिने सांगितलं. लोक ते वाचतात आणि पान न उघडता पुढे जातात.

“काका, दुकानाची पाटीसुद्धा तेराव्यानंतर उतरवतात,” ती म्हणाली. “तुम्ही बाईंचं दुकान वर्षभर बंद ठेवलंत.”

मी उठून चहा टाकला.

मग तिने दाखवलं, की प्रत्येक पानाला एक वेगळं वर्णन जोडता येतं. पान वाचणाऱ्याला ते दिसत नाही, शोधणाऱ्याला दिसतं. “सर्च इंजिन ते घेईलच असं नाही हं. आपण लिहून ठेवायचं.”

पाटी त्याच दुपारी उतरवली. नंतर रोज सकाळी दोन-दोन वर्णनं लिहू लागलो. माझी नोकरी ग्रंथालयातली होती, त्यामुळे पहिली वर्णनं तिथल्या सूचीकार्डांसारखी झाली: ‘घोळ या वनस्पतीविषयी सविस्तर माहिती.’ ती वाचून कुणी पान उघडलं नसतं. मग पत्नीची पानं पहिल्यापासून वाचायला घेतली. ती असताना मी एकही पुरतं वाचलं नव्हतं. प्रत्येक पानात एखादं वाक्य असं सापडे, की जणू ती ओट्याशी उभी राहून बोलते आहे. तेवढंच उचलून मी वर्णनाच्या जागी ठेवलं.

काही आठवड्यांनी पुन्हा ‘घोळ भाजी’ शोधलं. खाली आलं: ‘जाड, किंचित आंबट पानांची भाजी. कोवळे देठ टाकू नयेत, तेच खायचे असतात.’

त्या दिवशी मंडईतून घोळ आणली आणि देठांसकट चिरली. शोधात चाकवताखाली अजून निधनाची जुनीच ओळ दिसते.