दोरी धरणारा माणूस

साल २०१५. मी छप्पन्न वर्षांचा होतो, नोकरीची दोनच वर्षं उरली होती. मावळातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो आणि खांद्यावरचा तारा वशिल्याशिवाय मिळवला, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. पुष्कळ गुन्हे विसरलो, पण हा विसरायचा म्हटला तरी विसरत नाही. दोरी धरून उभा असलेला एक माणूस यात खुनी ठरता ठरता राहिला.

पवना धरणाच्या काठावर एका गावच्या पाणी योजनेचा पंप होता. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडची जाळी गाळाने बुजली. ती साफ करायला ठेकेदाराने कोकणातून एक स्कूबा डायव्हर आणला. तिशीतला तरुण. पाठीवर हवेचं नळकांडं, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक काठावर गावातल्याच एका माणसाच्या हातात. डायव्हर खाली गेला तो जिवंत वर आला नाही. बुडालेल्यांना काढायला आम्ही नेहमी बोलावतो ती कामशेतची पोरं आली. त्यांनी त्याला वर आणलं तेव्हा दोरीचे वेढे पायांना आणि नळकांड्याला बसले होते. नळकांड्यातली हवा संपलेली.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, दोरी मुद्देमालात घेतली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. संध्याकाळी ठाण्याचा फोन वाजला. मीच घेतला.

"दोरीवाल्याने मुद्दाम ढिली सोडली. काल दोघांची झटापट झालीय. चौकशी करा." एवढं बोलून फोन ठेवला.

चौकशी केली. झटापट खरी होती. डायव्हर म्हणाला होता, "हे कसलं धरण? गुरं धुवायचं पाणी!" यावर दोरीवाल्याने त्याची कॉलर धरली. चार लोकांनी पाहिलं होतं. दोरी ढिली होती हे तर पंचनाम्यातच होतं. मोठे साहेब म्हणाले, "झालं की! तीनशे दोन लावा."

मी म्हटलं, "साहेब, मला एक दिवस द्या."

"तुम्ही म्हणजे दगड आहात हो," साहेब म्हणाले. पण दिवस दिला.

दोरीवाला पन्नाशीचा. जन्मभर विहिरीतला गाळ काढायचं काम केलेला. त्याची बायको ठाण्याच्या गेटाबाहेर बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "त्येंनी किती मानसं हिरीत सोडली नि वर काडली, गावात इचारा की!"

त्याला समोर बसवलं, चहा दिला. माणूस घाबरलेला असला की आधी त्याच्या हाताला काहीतरी काम द्यावं, मग तोंड उघडतं.

"दोरी का सोडलीस?"

"सोडली न्हाई, साहेब. दिली."

"म्हणजे?"

"त्यानं वढली, मी दिली. परत वढली, परत दिली. मागंल तेवढी दिली. माझं काय चुकलं त्ये तरी सांगा."

दुपारपर्यंत तो हेच बोलत राहिला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. याने एक शब्द बदलला नाही.

तेव्हा मी उठलो. एक दोरी घेतली, टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन भिंतीआड गेलो. काही न सांगता दोन झटके दिले. दोरी सरसर ढिली आली. पुन्हा झटके दिले, पुन्हा ढिली.

मी बाहेर आलो. "आणि खालच्या माणसाला वर यायचं असलं तर?"

"मग त्यो आरडतो की, साहेब! हिरीतनं हाक येती, 'घ्या वर!' म्हनून."

एवढं बोलला आणि त्याच्या हातातलं दोरीचं टोक तसंच राहिलं. पाण्याखालून हाक येत नाही, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "मंजी त्यो मला बोलवत व्हता?"



त्याच्या गावातले गाळ काढणारे आणखी दोघे वेगवेगळे बोलावून हीच परीक्षा घेतली. दोघांनीही दोरी ढिली दिली. मग लोणावळ्यात राहणारे नौदलातले एक निवृत्त डायव्हर गाठले. त्यांनी डायव्हरचे कागद पाहिले आणि मान हलवली. "हे समुद्रात मासे बघायला जाणाऱ्याचं सर्टिफिकेट आहे. पाण्याखाली काम करायचं शिक्षण निराळं. तिथे डोळ्याला दिसत नाही, हाताने चाचपून करायचं. काठावर दुसरा डायव्हर कपडे चढवून तयार लागतो. आणि दोरीच्या खुणा आधी जमिनीवर ठरवून घोकायच्या. वरच्यालाही शिकवायचं, खालच्यालाही."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर जबाबाला आला. त्याने "नमस्कार" म्हटलं आणि मी फोनवरचा आवाज ओळखला. ते पोटात ठेवलं. आधी विचारलं, "दोरी धरणाऱ्याला शिकवलं कुणी?"

"त्यात शिकवायचं काय, साहेब? दोरी तर धरायची!"

"आणि दुसरा डायव्हर?"

"छोटंसं काम होतं हो."

"मग फोन कशाला केलास?"

त्याचा चेहरा उतरला. दोरीची चर्चा आपल्या दारी येऊ नये म्हणून आपणच फोन केल्याचं त्याने कबूल केलं. "दोरी तर धरायची" हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं घेतलं. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा ठेकेदार आणि सुपरवायझरवर दाखल झाला. दोरीवाला संध्याकाळी बायकोबरोबर घरी गेला.  त्याच्यावरचा आरोप मी काढला, पण जे त्याला कळलं होतं ते मला काढता येणार नव्हतं.

शिकलो ते एवढंच. अनुभवी माणूस म्हणजे त्या कामाला तयार झालेला माणूस नव्हे. विहिरीतला अनुभव विहिरीपुरता. त्या माणसाने आपलं काम चोख केलं, आणि त्यातच एक जीव गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामशेतच्या पोरांना ठाण्यावर बोलावलं. आमच्यासाठी वर्षानुवर्षं धरणात उड्या टाकणारी पोरं.

"काय भाऊ, कोन बुडालं?"

"कोणी नाही. दोरी घ्या."

"आमाला काय शिकवता! आमी जन्मापास्नं पान्यात हाय."

मी दोरी स्वतःच्या कमरेला बांधली. म्हाताऱ्याचा अवतार बघून पोरं हसली. टोक त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या गड्याच्या हातात देऊन मी भिंतीआड गेलो आणि दोन झटके दिले.

दोरी ढिली आली.